न फोडता

"दीदी, एक दाना काटना पड़ेगा," सदर बाजारातला सराफ म्हणाला, आणि मी माळ परत रुमालात गुंडाळली.

माळ आईची. तिच्या सासूची, म्हणजे माझ्या आजीची, अमरावतीहून आलेली बोरमाळ. पंचेचाळीस मणी, आत लाख, वर सोन्याचा पत्रा. माझ्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा आईनं जाहीर केलं की माळ नातीला जाणार. दादा बेंगळुरूला असतो. त्यानं फोनवर सांगितलं, "एकदा नीट तपासून घे. वजन किती, कॅरेट किती, लिहून पाठव. त्यांच्याकडे याद्या होतील, नंतर काही निघायला नको." मी हो म्हटलं. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "माळ तुझ्याकडेच होती ना इतकी वर्षं?"

त्यानं ते सहज विचारलं असेल. आई आणि मी रायपूरला पंडरीतल्या जुन्या घरात राहतो, घरातल्या सगळ्याच वस्तू माझ्याकडे असतात. पण फोन ठेवल्यावर वाक्य माझ्याकडे राहिलं.

सराफाकडे कॅरेटमीटर आहे. हल्ली सगळ्यांकडेच असतो. डब्यासारखं यंत्र, वर काचेची लहान खिडकी, तिच्यावर दागिना ठेवायचा, झाकण लावायचं. आतून क्ष-किरण येऊन धातूला धक्का देतात, आणि सोनं, तांबं, चांदी आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण परत देतात. त्या परत आलेल्या किरणांवरून पडद्यावर टक्केवारी दिसते. कसोटीच्या दगडावर घासायला नको, तेजाब नको. त्यानं तीन मणी तपासले. पहिल्यात सोनं एक्क्याण्णव टक्के. दुसऱ्यात तितकंच. तिसऱ्यात आकडा खूप खाली आला आणि तांबं वर गेलं. "टाँका भी हो सकता है, पॉलिश भी हो सकता है," तो म्हणाला. डागाची जागा असेल किंवा नुसता मुलामा. यंत्र वरची कातडी वाचतं, केसाच्या जाडीहूनही कमी. आत काय आहे ते कापल्याशिवाय कळणार नाही.

मी घरी आले. टेबलावर अर्धा झालेला अनुवाद पडला होता, आणि त्यात नेमकं हेच लिहिलेलं होतं.

*

अणुऊर्जेची ओळख करून देणाऱ्या एका पुस्तकाचा मी मराठी अनुवाद करत होते. कथा-कादंबऱ्यांच्या अनुवादावर घर चालत नाही, त्यामुळे तुलनात्मक साहित्यात एम. ए. केलेली बाई न्यूट्रॉनपर्यंत पोचते. त्या आठवड्यातलं प्रकरण होतं, अणुइंधनातलं युरेनियम नमुना न काढता, न विरघळवता, न फोडता कसं मोजायचं याचं.

पहिली अडचण शीर्षकातच आली. हिंदी पारिभाषिक कोशात अशा तपासणीला 'अविनाशी परीक्षण' म्हणतात. मराठीत अविनाशी म्हणजे ज्याचा नाश होत नाही ते. तो गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला शब्द आहे, आत्म्याचा. इथे नाश होत नाही तो तपासायच्या वस्तूचा, आणि तोही तपासणाऱ्यानं काळजी घेतली म्हणून. 'अविध्वंसक' म्हटलं तर बॉम्बच्या जवळपास ध्वंस शब्द आणून ठेवल्यासारखं वाटतं. 'अविघातक' बरा होता, पण वाचताना अडखळायला होतं. मी या रायपुरात बसून असे शब्द उलटेपालटे करते तेव्हा मला माधवराव सप्रे आठवतात. मराठी घरातला माणूस, पेंड्र्याहून १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' काढलं, दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं, आणि १९२६ साली याच शहरात वारला. त्यांना अविनाशी शब्द अडला नसेल. दोन्ही भाषांत तो एकाच अर्थानं, एकाच जागी बसतो. मला मात्र एका तपासणीच्या डब्यासाठी पर्याय हवा होता. शेवटी मी 'न फोडता मोजणं' असं लिहून पुढे गेले. संपादक कळवतील काय ते.

न फोडता का मोजायचं, हे समजायला मला आधी एक गैरसमज काढावा लागला. वर्तमानपत्रांत 'शुद्ध युरेनियम' आणि 'समृद्ध युरेनियम' हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. ते वेगळे आहेत. जमिनीतून काढलेलं युरेनियम रासायनिक दृष्ट्या कितीही शुद्ध केलं तरी त्यातले ९९ टक्क्यांहून जास्त अणू २३८ वजनाचे असतात आणि फक्त ०.७२ टक्के अणू २३५ वजनाचे. सहज दुभंगतात ते २३५वाले. त्यांचं प्रमाण वाढवलं की समृद्ध, काढून घेतलं की जे उरतं ते क्षीण. तारापूरच्या १९६९ साली सुरू झालेल्या दोन जुन्या अणुभट्ट्यांना समृद्ध इंधन लागतं, पण त्यातही २३५चं प्रमाण तीन टक्क्यांच्या आत. अस्त्रासाठी ते नव्वदच्या घरात न्यावं लागतं. रंग तोच, वजन तेच, रासायनिक गुण तेच. तराजूला आणि डोळ्यांना तिन्ही सारखीच.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकाबाहेरही येऊन गेला आहे. डिसेंबर २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी जवळपास नऊ किलो जड धातू पकडला. विकणाऱ्यांनी कोट्यवधींची किंमत सांगितली होती. भाभा अणुसंशोधन केंद्रानं तपासून सांगितलं, हे क्षीण युरेनियम. असं युरेनियम विमानांच्या तोलाच्या वजनांत आणि किरणोत्सर्गापासून बचाव करणाऱ्या आवरणांत वापरलं जात आलं आहे. मे २०२१मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानं मुंबईत दोघांकडून सात किलो शंभर ग्रॅम धातू पकडला, किंमत एकवीस कोटींच्या पुढे सांगितली गेली. पुन्हा तुर्भ्याच्या केंद्राकडे पाठवला. उत्तर आलं, नैसर्गिक युरेनियम. पुढच्याच महिन्यात झारखंडमध्ये बोकारोला सहा किलोंच्या वर माल सापडला, टीव्हीवर दिवसभर युरेनियम युरेनियम चाललं, शेजारच्या देशानंही चिंता व्यक्त केली. अणुऊर्जा विभागानं तपासलं तर ते युरेनियमच नव्हतं, किरणोत्सर्गीही नव्हतं.

तीन पुड्या, तीन उत्तरं. मी आकडेमोड करून पाहिली. युरेनियम शिशापेक्षाही कितीतरी जड. सात किलो शंभर ग्रॅम म्हणजे आमच्या घरातल्या पाणी प्यायच्या मोठ्या पेल्यात मावेल एवढाच ढेकूळ. आणि धोक्याच्या हिशेबात तो कुठे बसतो? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ज्याला लक्षणीय मात्रा म्हणते, म्हणजे ज्यातून एक स्फोटक तयार होण्याची शक्यता नाकारता येत नाही एवढा माल, तो अतिसमृद्ध युरेनियमच्या बाबतीत २५ किलो युरेनियम-२३५ इतका आहे, आणि नैसर्गिक युरेनियमच्या बाबतीत दहा टन. म्हणून 'युरेनियम सापडलं' हे वाक्य अर्धंच असतं. कुठलं, हे कळल्याशिवाय ना घाबरता येत, ना निर्धास्त होता येत.

*

कुठलं, हे ते स्वतःच सांगतं. युरेनियम-२३५ विघटित होताना गॅमा किरण सोडतं, त्यातला सगळ्यात ठळक १८५.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा. बोलताना सगळे त्याला एकशे शहाऐंशीची रेषा म्हणतात. युरेनियम-२३८ स्वतः फारसं बोलत नाही, पण त्याची नात, प्रोटॅक्टिनियम-२३४, एक हजार एकच्या ऊर्जेवर आवाज देते. द्रव नायट्रोजननं उणे १९६ अंशांपर्यंत थंड केलेला जर्मेनियमचा स्फटिक वस्तूसमोर ठेवला की या रेषा सुट्या सुट्या दिसतात. एकशे शहाऐंशीची रेषा फिकी आणि हजार एकची ठळक, तर क्षीण असण्याची शक्यता मोठी. दोन्ही नाहीत, तर बोकारो.

नात हा शब्द माझा नाही, भौतिकीतल्या लोकांचा आहे. तिथे विघटनातून जन्मणाऱ्या मूलद्रव्याला लेक म्हणतात. या लेकीनातींचं एक आहे. युरेनियम नुकतंच शुद्ध केलं असेल तर त्या धुऊन गेलेल्या असतात, आणि पुन्हा पुरत्या गोळा व्हायला काही महिने लागतात. तोवर हजार एकची रेषा कमी दिसते आणि त्या रेषेवरून केलेला हिशेब चुकतो. आपण आजी मोजतोय असं समजून नात मोजत असतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. युरेनियम इतकं दाट असतं की एकशे शहाऐंशीचे किरण ते स्वतःच गिळतं. धातूचा ठोकळा कितीही मोठा असो, बाहेर पोचतात ते वरच्या तीनेक मिलिमीटरमधले. त्याखालचं युरेनियम बोलतं, पण त्याचा आवाज वर येत नाही. याचाच फायदा घेऊन समृद्धी मोजतात. ठोकळा तीन मिलिमीटरपेक्षा जाड असला की त्याचं आकारमान, वजन काहीही असो, एका ठरावीक खिडकीतून येणारी मोजणी थेट २३५च्या टक्केवारीच्या प्रमाणात असते. इंग्रजीत या स्थितीला अनंत जाडी म्हणतात. तीन मिलिमीटरला अनंत म्हणणं मला आधी विनोदी वाटलं. मग लक्षात आलं, शोधकाच्या बाजूनं ते बरोबर आहे. त्याला जिथून पुढे ऐकू येत नाही तिथून अनंत सुरू होतं.

पण या रीतीत एक गृहीत आहे, आणि पुस्तकात त्याखाली रेघ होती. आतलं वरच्यासारखंच असलं पाहिजे. वर समृद्ध युरेनियमचा थर आणि आत दुसरंच काही असेल तर ही रीत शांतपणे चुकीचं उत्तर देते.

बोरमाळीचं हेच झालं होतं. कॅरेटमीटर खोटं बोलत नव्हता. त्याचा अनंत फार जवळ होता, एवढंच. पाण्यात बुडवून घनता काढावी म्हटलं तर मण्यांच्या आत लाख, तीही कुणाला ठाऊक किती. आणि नुसती घनता किती भाबडी असते हेही मी त्याच आठवड्यात शिकले होते. सोन्याची १९.३, युरेनियमची १९च्या जरा वर. आर्किमिडीजला त्या दोघांत निवडायला सांगितलं असतं तर त्याला बराच वेळ टबात बसावं लागलं असतं.

*

कापून बघण्याची मला इतकी धास्ती का वाटली, याचा मी विचार केला. बाबांचं पंडरीच्या कापड बाजारात दुकान होतं. रायपुरात लग्नाचं कापड घ्यायचं तर आजही लोक पंडरीला येतात. बाबा कापड बोटांत चोळून सांगायचे, भिंगातून वीण मोजायचे, आणि तरीही गिऱ्हाईक ऐकेना तर ताग्याच्या कडेचा एक धागा ओढून काडी लावायचे. कोशाचा धागा असेल तर केस जळल्याचा वास यायचा आणि राख बोटानं चुरली जायची. पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक मणी व्हायचा. गिऱ्हाईक खूश. बाबा नंतर म्हणायचे, "ज्यानं धागा जाळायला लावला त्यानं कापड नाही तपासलं, मला तपासलं."

धागा जाळून हजार मीटरचा तागा कळतो, कारण तागा सगळीकडे सारखा असतो असा भरवसा आहे. एक मणी कापून पंचेचाळीस मणी कळतील का? तिसरा मणी वेगळा निघाला होता. चौथा कसा आहे ते कोण सांगणार? सगळे कापायचे?

आणि समजा कळलं. समजा काही मणी खोटे निघाले. मग दादाचा प्रश्न आहेच. माळ तुझ्याकडेच होती ना?

पुस्तकात याचंही प्रकरण होतं. अणुमालाचा हिशेब ठेवताना सुरुवातीचा साठा, त्यात आलेला माल मिळवायचा, गेलेला वजा करायचा, शेवटचा साठा वजा करायचा. शून्य यायला हवं. येत नाही. पाइपांत चिकटतं, धुळीत जातं, मोजमापातच थोडं इकडेतिकडे होतं. हा जो फरक उरतो त्याला संस्थेच्या भाषेत 'हिशेबात न लागलेला माल' अशा अर्थाचा शब्द आहे. अमेरिकेत पुढे त्याऐवजी नुसतं 'साठ्यातला फरक' म्हणू लागले. अनुवादकाला यातलं राजकारण लगेच कळतं. पहिल्या शब्दात कुणीतरी जबाब द्यायचा राहिलेला आहे. दुसऱ्यात फक्त वजाबाकी आहे. मी कच्च्या खर्ड्यात 'बेहिशेबी माल' लिहिलं होतं. ते मी त्या रात्री खोडलं. मराठीत बेहिशेबी म्हटलं की छापा पडलेला असतो.

फरक शून्य नसणं हा गुन्हा नाही, असं पुस्तक म्हणत होतं. फरक मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत आहे की बाहेर, हा प्रश्न आहे. बाहेर असेल तर समजावून सांगावा लागतो.

*

आईला मी सराफाचं काही सांगितलं नव्हतं. तिला अनुवादाचे शब्द मात्र विचारत असते. तिची वऱ्हाडी आणि माझी रायपुरी मराठी मिळून पुष्कळ काम होतं.

त्या दिवशी अडलं होतं 'कॉलर'वर. नव्या इंधनाचा लांबलचक जुडगा तपासायचा असतो तेव्हा त्याच्याभोवती एक चौकोनी यंत्र बसवतात, गळ्याभोवती बसवावं तसं. मी आईला म्हटलं, गळ्याभोवती असतं, कडक असतं, लवत नाही, काय म्हणू? गळपट्टी म्हणू का?

"गळपट्टी कुत्र्याले," आई म्हणाली. "सरी म्हण. माह्या आजीच्या गळ्यात होती. वाकत नव्हती."

मी सरी लिहिलं. आई म्हणाली, "काय करते ते यंत्र?"

मी सांगायला लागले. युरेनियमचं असं आहे की न्यूट्रॉनच्या बाबतीत ते जवळजवळ मुकं असतं. नुसतं कान लावून बसलं तर काही ऐकू येत नाही. मग त्याला विचारावं लागतं. सरीच्या एका बाजूला अमेरिशियम आणि लिथियमचा छोटा उगम ठेवतात, तो न्यूट्रॉन सोडतो. पण हळू सोडतो. जोरात सोडले तर २३८चे अणूही फुटतील आणि सगळेच बोलायला लागतील. हळू विचारलं की फक्त २३५ उत्तर देतं. आणि उत्तर ओळखायचं कसं, तर विचारणारे न्यूट्रॉन एकेकटे येतात, पण अणू दुभंगला की त्यातून सरासरी दोनापेक्षा जास्त न्यूट्रॉन एकदम निघतात. म्हणून जे जोडीनं येतात तेवढेच उत्तर म्हणून मोजायचे.

आई ऐकत होती. भेंडी चिरत होती. "म्हणजे फोडत नाही?"

"नाही. विचारतात."

"मंग तू त्या सोनाराकडे काऊन गेली होतीस?"

तिला माहीत होतं. रुमाल नेहमीच्या जागी ठेवला नव्हता मी, उलट्या घडीनं ठेवला होता. मी सगळं सांगितलं. तिसरा मणी, तांबं, कापावं लागेल. दादानं विचारलेलंही सांगितलं, सांगायला नको होतं तरी.

आईनं सुरी ठेवली. "मले विचारलं का तुम्ही कोणी?"

*

तिनं माळ मागितली. चष्मा लावला नाही. खाटेवर बसून एकेक मणी अंगठा आणि तर्जनीत फिरवत गेली, जप करावा तशी, पण सावकाश. मधूनच एखादा मणी माझ्याकडे सरकवून म्हणायची, "हा." मी त्याला लाल दोरा बांधायचे. अकरा दोरे झाले.

"कसं कळतं?" मी विचारलं.

"खरं सोनं चेपते," ती म्हणाली. "पत्रा पातळ, आत लाख. इतकी वर्षं गळ्यात, मानेखाली, उशीवर. सगळे मणी चेपले आहेत बघ. हे अकरा गोल आहेत अजून."

मी पाहिलं. चौतीस मण्यांवर बारीक खड्डे होते, वयस्कर माणसाच्या हनुवटीवर असतात तसे. अकरा मणी गुळगुळीत, नव्यासारखे. मी इतकी वर्षं ती माळ पाहत होते आणि मला ते अकराच जास्त चांगले वाटत आले होते.

मग तिनं सांगितलं. १९९३चा पावसाळा. दुकानाच्या मागच्या गोदामात पाणी शिरलं, लग्नसराईसाठी भरलेल्या गाठी भिजल्या. त्याच जुलैत दादाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश. कॉलेज खासगी, डोनेशन भरायचं होतं, मुदत आठ दिवसांची. बाबा कर्ज काढायला निघाले होते. आईनं रात्री माळेचा दोरा कापला, अकरा मणी मोजून त्यांच्या हातात दिले आणि म्हणाली, बाकीच्याला हात लावायचा नाही. नागपूरच्या कारागिराकडून तांब्याचे अकरा मणी मुलामा चढवून आले. आजी तेव्हा जिवंत होती. तिला कळू नये म्हणून आईनं ते एकत्र न ओवता सगळ्या माळेत विखरून ओवले.

"आजीला कळलं नाही?"

"कळलं असन. बोलल्या नाही त्या. मरायच्या आधी माळ हातात घेऊन बसल्या होत्या एकदा."

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते. मला आठवतं ते ओल्या कापडाचा वास आणि गच्चीवर वाळत घातलेले मैलभर तागे. दादाचा प्रवेश झाल्याचे पेढे आठवतात.

"दादाला सांगू?"

"त्याले सांगू नको," आई म्हणाली. "त्याच्या डोक्यावर कायले ठेवायचं ते? पोरगं शिकलं. संपलं."

"पण तो मला विचारतोय, आई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, असं मला वाटत नाही. "तुले माहीत आहे ना आता?" ती म्हणाली. "मंग झालं."

*

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा सदर बाजारात गेले. चौतीस वेगळे, अकरा वेगळे. सराफानं वेळ काढून सगळे तपासले, त्यालाही उत्सुकता लागली होती. चौतीसच्या चौतीस ठीक. अकरांपैकी नवांत तांबं वर आलं. दोन मात्र यंत्रानं सोन्याचे दाखवले. "ये दो तो असली हैं, दीदी." ते दोन मी हातावर घेऊन पाहिले. पूर्ण गोल होते, एकही खड्डा नव्हता. मुलाम्याचं पाणी त्या दोघांवर जाड बसलं असेल, यंत्राचा अनंत संपेपर्यंत सोनंच लागलं असेल. किंवा आई चुकली असेल. "काट के देख लें?" त्यानं विचारलं. मी नको म्हटलं.

पुस्तकात लिहिलं होतं की दोन वेगवेगळ्या रीतींची उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही नोंदवावीत आणि कुठली घेतली, का घेतली, ते लिहावं. मी दादाला यादी पाठवली. चौतीस मणी सोन्याचे, अकरा तांब्याचे मुलामा दिलेले, त्यांपैकी दोनांबद्दल यंत्राचं मत वेगळं, आईचं म्हणणं ग्राह्य धरलं आहे. एकूण वजन, लाखेसकट. हिंदीत लिहिलं. आमची शाळा हिंदी माध्यमाची. मी पुढे मराठी वाचायला लागले, तो लागला नाही.

त्याचा फोन आला. "अकरा कधी बदलले?"

"आईला विचार," मी म्हटलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं. चौतीसचीच ओवून दे. छोटी माळ चालेल." त्यानं आईला विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही. ज्या हळू रीतीनं विचारावं लागतं ती त्याला साधत नाही, की उत्तर जोडीनं येईल याची भीती वाटते, ते मला सांगता येणार नाही. त्याच्या हिशेबात अकरा मण्यांचा फरक आहे आणि त्या फरकाच्या शेजारी माझं नाव आहे, पुसट का असेना. माझ्या हिशेबात फरक नाही.

भाचीच्या लग्नात माळ छान दिसली. चेपलेले मणी पाहून तिच्या सासूबाई म्हणाल्या, जुनं काम दिसतंय. अकरा मणी आईकडे आहेत, औषधांच्या डब्यात.

अनुवाद गेला. संपादकांनी 'न फोडता मोजणं' बदलून 'अविनाशक मापन' केलं, सरी ठेवली, आणि 'साठ्यातला फरक' याच्या समासात प्रश्नचिन्ह काढून विचारलं की मूळ शब्द एवढा सौम्य आहे का. मी कळवलं की मूळ शब्द दोन आहेत, मी दुसरा घेतला आहे.

हा लेख लिहिण्याआधी मी आईला विचारलं. छापून येईल, म्हटलं, सगळं येईल त्यात, डोनेशनसुद्धा. ती थोडा विचार करून म्हणाली, "लिही. तो मराठी वाचते कुठं?"

या नियतकालिकात मराठीच्या शेजारी हिंदीही असते, आणि इकडचं तिकडे नेणं हेच माझं काम आहे, हे मी तिला सांगितलं नाही.